राऊ ते धुळे: ट्रकच्या खेळासाठी रस्ता बांधताना

९ नोव्हेंबर २०२५, इंदूर

कामाला आज सुरुवात. युरो ट्रक सिम्युलेटर २ या संगणकावरच्या खेळासाठी एक नकाशा करायचा: राऊपासून धुळ्यापर्यंत. म्हणजे जुना आग्रा-मुंबई रस्ता, पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ३, आताचा ५२. आम्ही तिघं आहोत. जमीन आणि रस्ता माझ्याकडे. गाड्या, ढाबे, पूल यांची मॉडेलं लोकमान्य नगरातला वर्गमित्र करणार. प्रोग्रॅमिंग भाचीकडे, ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. धाकट्या काकांचा देवास नाक्यावर ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, त्यामुळे वजनकाट्याच्या पावत्यांपासून ब्रेक लायनरपर्यंत काहीही बघायला मिळतं. काकांना या उद्योगाचा उपयोग कळलेला नाही, पण ‘या, बसा, चहा घ्या’ आहे.

पहिला हिशोब. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने हा खेळ २०१२ साली काढला. त्यात युरोपची मुख्य भूमी १:१९ प्रमाणात आहे आणि घड्याळही त्याच पटीत पळतं. आपला रस्ता सुमारे २६० किमी. भागिले १९ केलं की पावणेचौदा किमी उरतो. ताशी ६०ने गेलं तरी पाव तासात धुळे. गाडी राऊ सर्कलवरून निघून चौथ्या गिअरला येते न येते तोच नर्मदा.

हे चालणार नाही एवढं आजच ठरलं. मग काय चालेल, ते ठरलेलं नाही.

१४ नोव्हेंबर

प्रमाणावरून वाद. भाचीचं म्हणणं, सरळ १:१ करू. २६० किमी तर २६० किमी, ज्याला खेळायचं तो खेळेल. वर्गमित्र म्हणतो, तेवढी झाडं कोण लावणार? त्याचा मुद्दा श्रमाचा, पण मला तो पटतो तो वेगळ्याच कारणाने.

डेझर्ट बस नावाचा एक खेळ १९९०च्या दशकात अमेरिकेत केला होता, पेन आणि टेलर या जादूगारांच्या व्हिडिओ-खेळांच्या संग्रहासाठी. टूसॉन ते लास व्हेगास, खरोखरचे आठ तास. वाटेत काही नाही. बस थोडी उजवीकडे ओढते, म्हणून बटणावर चिकटपट्टी लावून झोपताही येत नाही. तो मुद्दाम केलेला विनोद होता. लांबी शंभर टक्के खरी, आणि तरी तिथे बसून कोणाला मोकळ्या रस्त्याचा आनंद होईल असं वाटत नाही. (पुढे लोकांनी त्यावर वर्गणी गोळा करायचा दानयज्ञ सुरू केला, २००७पासून दर वर्षी चालतो. ती गोष्ट वेगळी.)

उलट बाजूचं उदाहरण याच कंपनीचं. अमेरिकन ट्रक सिम्युलेटर फेब्रुवारी २०१६मध्ये आला तेव्हा त्याचा नकाशा १:३५ होता. नेव्हाडाचं वाळवंट आलं म्हणेपर्यंत संपायचं. लोकांनी तक्रार केली आणि कंपनीने त्याच वर्षाच्या अखेरीस सगळा नकाशा ताणून १:२० केला. तेवढ्याने खेळाचा श्वास मोकळा झाला. तेव्हा लांबीला अर्थ आहेच. ती कुठे खर्च करायची हा खरा प्रश्न.

माझा अंदाज लिहून ठेवतो: जिथे गाडीला काही होतं, चालकाला काही ठरवावं लागतं, तिथली लांबी वाचवायची. जिथे फक्त अंतर आहे तिथली कापायची. पण अंतर सगळंच कापलं तर ठरवायच्या गोष्टी एकमेकींना चिकटतात आणि रस्ता सर्कशीसारखा होतो. सपाटी किती ठेवायची ते गाडीत बसून बघितल्याशिवाय कळणार नाही.

२३ नोव्हेंबर

काकांच्या दहाचाकी गाडीतून धुळ्याला जाऊन आलो. माल सोया पेंड, पावतीवर एकूण वजन २८ टनांच्या थोडं वर. तीन अ‍ॅक्सलच्या गाडीला २०१८पासून २८.५ टनांची परवानगी आहे, त्याआधी २५ होती. गाडी चालवणारे उस्ताद राऊपासून धुळ्यापर्यंत फारसं बोलले नाहीत. मी फोनमधल्या बॅरोमीटरवर हवेचा दाब नोंदवत होतो. दाब १ हेक्टोपास्कलने वाढला की आपण साधारण पावणेनऊ मीटर खाली आलेलो असतो. जीपीएसच्या उंचीपेक्षा हा आकडा फार स्थिर येतो.

बघितलेलं, जसं आठवतंय तसं:

राऊच्या पुढे माळवा जवळजवळ पाटासारखा. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे आणि ती उंची मानपूरपर्यंत फारशी सुटत नाही. काळी जमीन, नुकता वर आलेला गहू, हरभरा. उस्तादांचा उजवा हात खिडकीवर. या तुकड्यात गाडी एकटी चालते असं वाटतं.

मानपूरच्या पुढे घाट. विंध्याचा कडा इथे उतरतो. हाच तो गणेश घाटाचा पट्टा, ब्रेक निकामी झालेल्या गाड्यांमुळे कित्येक वर्षं बदनाम. उतार सौम्य व्हावा म्हणून आता नवा रस्ता काढला आहे. घाटाच्या आधी उस्तादांनी गाडी कडेला घेतली, उतरून चाकांना हात लावत एक फेरी मारली, हवेचा काटा बघितला, आणि वरच तिसरा गिअर टाकला. घाट सुरू झाल्यावर गिअर बदलायला त्यांनी हात लावला नाही. एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा) लावून गाडी रडत-रडत उतरत होती. मागून एक रिकामा टँकर न्यूट्रलमध्ये सुसाट गेला. उस्ताद त्याच्याकडे बघून फक्त ‘जा बेटा’ म्हणाले.

खाली गुजरी, मग धामनोद. खिडकीतून येणारी हवा बदलली. वर स्वेटर होता, इथे काढला. शेतं बदलली, गव्हाच्या जागी वेचणीला आलेला कापूस. खलघाटला नर्मदा. पुलावर उस्तादांनी स्टिअरिंगवरचा हात कपाळाला लावला.

ठीकरी, जुलवानिया, मग हळूहळू चढ. हा चढ डोळ्यांना दिसत नाही, फक्त इंजिनाच्या आवाजात कळतो. सेंधवा सातपुड्याच्या अंगावर आहे. तिथून बिजासन घाट उतरला की देवीचं ठाणं, पुढे हद्द आणि पळासनेर. मग शिरपूर, तापीचा पूल, नरडाणा, सोनगीर, धुळे.

सगळ्या वाटेत मला काय लांब वाटलं? राऊ-मानपूर नाही. जुलवानिया ते सेंधवा. अंतर काही फार नाही, पण गाडी पूर्ण जोर लावून हळू चालते, मागचा ट्रक डिपर मारतो, पुढचा साइड देत नाही, आणि करण्यासारखं काही नसतं.

२५ नोव्हेंबर

उंचीची माहिती उतरवून घेतली. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने रडारने पृथ्वी मोजली, त्याचा ३० मीटर चौकटीचा तक्ता सगळ्यांना फुकट मिळतो. अडचण अशी की चौपदरी रस्ता त्यानंतरचा आहे. डोंगर फोडून काढलेल्या खिंडी आणि टाकलेले भराव त्या तक्त्यात नाहीतच. रस्ता त्यावर तसाच टाकला तर घाटात तो जिन्यासारखा उड्या मारतो. तेव्हा डोंगर रडारचा, रस्त्याची उंची माझ्या बॅरोमीटरची, आणि दोन्ही जिथे भांडतील तिथे हाताने खिंड कोरायची.

२ डिसेंबर

प्रमाण ठरलं. घाट निम्म्या लांबीचे, १:२. जुलवानिया-सेंधवा चढ १:६. बाकी सपाटी १:१९. असं ठिगळाचं प्रमाण नकाशा करणाऱ्या लोकांना आवडत नाही, हे माहीत आहे. नकाशावर बघितलं तर घाट मोठ्या पोटाच्या माणसासारखा दिसतो. पण आपण तो नकाशावर बघणार नाही, काचेतून बघणार.

त्यातून एक भलतीच गुंतागुंत निघाली. खेळाचं घड्याळ १९ पटीने पळत असताना १:२च्या घाटात शिरून अर्धा तास रेंगाळलं तर खेळातले साडेनऊ तास निघून जातात. सकाळी मानपूर, रात्री गुजरी. उपाय भाचीने काढला. खेळात शहराच्या हद्दीत घड्याळ ३ पटीवर येतं, नाहीतर चौकात उभं राहूनच दिवस सरला असता. तिने घाटाच्या पट्ट्याला शहराचा नियम लावला. वर बोनस म्हणजे शहराची वेगमर्यादा आपोआप लागू झाली, जी घाटात हवीच होती. खेळाच्या दृष्टीने आता विंध्याचल ही नगरपालिका आहे.

रस्ता डावीकडचा ठेवायला ब्रिटनचा नकाशा कामी आला. तिथले फाटे आणि चौक तसेच उचलून रंग, पट्ट्या आणि कठडे बदलले. दुभाजकात कण्हेर लावली.

११ डिसेंबर

गाडीचं वजन आणि जोर. खेळात मिळणारे दांडगे ट्रक ७३०-७५० अश्वशक्तीचे. युरोपातलं ४० टनांचं ओझं धरलं तर टनामागे १८ अश्वशक्ती. आपल्याकडची जुनी दहाचाकी १८० अश्वशक्तीची, २८.५ टन, म्हणजे टनामागे ६ आणि थोडं. फरक इथेच आहे, आणि तो केबिनमध्ये लटकवलेल्या लिंबू-मिरचीने भरून निघत नाही. आपल्याकडचे बरेच हौशी लोक आधी रंगरंगोटी करतात: मोराचं चित्र, ‘हॉर्न ओके प्लीज’, झिरमिळ्या. हॉर्न ओके प्लीज लिहायला तर महाराष्ट्राने २०१५मध्ये बंदीच घातली. आत इंजिन मात्र स्वीडनचं ठेवतात. अशी गाडी ५ टक्के चढावर ताशी ७०ने जाते आणि सगळा खोटेपणा उघडा पडतो.

कागदावर: २८.५ टन, ५ टक्के चढ. डोंगर मागे ओढतो सुमारे १४ हजार न्यूटनने, टायरची घसट आणखी २ हजार. १८० अश्वशक्तीतली चाकांपर्यंत पोचणारी धरली तर वेग निघतो ताशी २५. उस्तादांच्या गाडीचा काटा परतीच्या वाटेवर, घाट चढताना, तिथेच डोलत होता, आणि गाडी तर रिकामी नव्हती, धुळ्याहून भरूनच आलो होतो.

इंजिनाची फाइल लिहिली, गिअर ६. पहिल्यांदा चालवली तेव्हा वर्गमित्र म्हणाला, ‘बंद पडलीय का?’ नाही. ही अशीच असते.

इतर गाड्यांचं काय? खेळातली वाहतूक चढ ओळखत नाही, भरलेला ट्रकही मर्यादेच्या वेगाने वर जातो. पण देशाच्या नियमांच्या फाइलीत ट्रकला आणि मोटारीला वेगळी मर्यादा देता येते. घाटाच्या रस्त्यावर ट्रकला २५ दिली. आता ट्रक रांगेने रखडतात आणि मोटारी त्यांच्यातून वाट काढतात. दंड बंद करून ठेवला, नाहीतर खेळणारा २६ला गेला तरी पावती फाटते.

२० डिसेंबर

ब्रेक. या सगळ्या उद्योगात मला सगळ्यात जास्त रस आहे तो यात, म्हणून सविस्तर.

खेळात घाट उतरणं सोपं आहे कारण ब्रेक थकत नाहीत. पेडल दाबून ठेवा, गाडी दहा किमी तशीच उतरेल. खऱ्या गाडीत ती उष्णता कुठे तरी जायला हवी. २८.५ टन ओझं १०० मीटर उंची उतरतं तेव्हा २८ मेगाज्यूल मोकळे होतात, म्हणजे विजेची पावणेआठ युनिटं. दहाचाकीला सहा ड्रम, एकेक ४५ किलोचा धरला तर २७० किलो बीड (ओतीव लोखंड). सगळी उष्णता त्यातच राहिली तर प्रत्येक १०० मीटरला ड्रम २०० अंशांनी तापतील. वारा थोडं गार करतो, टायरची घसट थोडं खाते, तरी दोनतीनशे मीटर उंचीचा घाट ब्रेकवर उतरायचा म्हणजे काय हे यावरून कळतं. वेगाच्या भाषेत: ५ टक्के उतारावर ताशी ४०ने वेग धरून ठेवायला ब्रेकना सतत १२५-१३० किलोवॅट गिळावे लागतात. न्हाणीघरातले साठ गीझर एकदम चालू ठेवल्यासारखं.

ड्रम तापला की फुगतो, लायनरपासून (त्यावर दाबल्या जाणाऱ्या पट्ट्यांपासून) दूर सरकतो, लायनर टेकवायला ब्रेकच्या दांड्याला जास्त सरकावं लागतं. लायनरची पकडही तापून कमी होते. चालक घाबरून ब्रेक पंप करतो, तशी टाकीतली हवा उतरते. हवा फार उतरली की एरवी हवेने मागे धरलेले स्प्रिंग ब्रेक स्वतःच लागतात, तेही तापलेल्या ड्रमवर. ताशी २०ने उतरलं तर निम्मीच उष्णता दर सेकंदाला येते, आणि खालच्या गिअरमध्ये इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक तिचा मोठा वाटा घेतात. ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं, ही म्हण नुसती म्हण नाही.

आता हे खेळात आणायचं कसं? आतलं ब्रेकचं गणित आपल्याला हात लावता येत नाही. टेलिमेट्रीतून (चालू खेळ बाहेर देतो त्या आकड्यांतून) ब्रेकचं तापमान मिळतं, पण अख्ख्या ट्रकसाठी मिळून एकच ढोबळ आकडा. भाचीने तो सोडून दिला. तिने खेळ आणि पेडल यांच्यामध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तो टेलिमेट्रीतून वेग, वजन आणि ब्रेकचा जोर वाचतो, पुढच्या आणि मागच्या ड्रमचं तापमान स्वतः मोजत राहतो, आणि २५० अंशांच्या पुढे गेलं की पेडलचा आकडा खेळाकडे देताना हळूहळू कमी करतो. आपण पाय पूर्ण दाबतो, खेळाला मिळतं सत्तर टक्के, मग पन्नास. पडद्यावर काहीही दाखवायचं नाही, असं मी सांगितलं. तापमानाची पट्टी दाखवली की लोक पट्टी खेळतात, रस्ता खेळत नाहीत. वास येत नाही ही उणीव आहेच. खऱ्या गाडीत जळका वास आधी सांगतो. त्याच्याऐवजी आरशात मागच्या चाकांपाशी फिकट धूर ठेवला, जो आरसा बघेल त्यालाच दिसेल.

आणि १:२चा घाट का हवा, ते इथे पक्कं झालं. १:१९च्या घाटात उतार पाचसहा मिनिटांऐवजी वीस सेकंदांचा असतो. ड्रम कोमटही होत नाही. उष्णता १९ पटीने वाढवून चालेल का, हेही करून बघितलं. पहिल्याच वळणावर ब्रेक जातात आणि का गेले ते कळत नाही. ब्रेक जाण्यापेक्षा ते जात आहेत हे कळायला लागणारा वेळ महत्त्वाचा. तो वेळ आखडता येत नाही.

२८ डिसेंबर

उस्तादांना काकांच्या ऑफिसात बसवून चालवायला दिलं. स्टिअरिंग टेबलाला शिकंजाने आवळलेलं. पाच मिनिटं त्यांना पडद्यात आरसा कुठे आहे तेच सापडेना. मग घाट सुरू झाला आणि हात आपोआप गिअरवर गेला, तिसरा टाकला आणि शेवटपर्यंत तोच. ब्रेक तापलेच नाहीत. म्हणजे एवढा खटाटोप करून केलेली गोष्ट त्यांना दिसलीच नाही. विचारलं, कसं वाटलं? ‘रस्ता ठीक है. पर सामनेवाला डिपर क्यों नहीं देता?’

खरं आहे. आपल्याकडे समोरून येणारा, मागून येणारा, साइड देणारा, सगळे दिव्यांनी बोलतात. आमच्या रस्त्यावर सगळे मुके.

भाचीचा मित्र आला होता, त्याने न्यूट्रल मारलं. तो कुठे पोचला हे लिहायची गरज नाही.

६ जानेवारी २०२६

आवाज. २०२०पासून खेळाचे आवाज एफमॉड या आवाजाच्या प्रणालीतून येतात, त्यामुळे आपले आवाज आत घालणं सोपं झालं. इंजिनाचे तीन थर रेकॉर्ड केले: रिकामं सोडलेलं, जोर लावलेलं, एक्झॉस्ट ब्रेकखालचं. शिवाय हवा सुटल्याचा फुस्स, पाटे करकरल्याचा आवाज, मागे फाळक्याची साखळी. साखळीने कमाल केली. सपाट रस्त्यावर ती तालात वाजते, खड्ड्यात तुटते, आणि कान रस्त्याचा पृष्ठभाग ओळखायला लागतो.

एक प्रश्न केबिनचा. १ ऑक्टोबर २०२५नंतर बनलेल्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचं आहे. म्हणजे नव्या गाडीत काच बंद, आतला आवाज गुळगुळीत. आमची गाडी जुनी, काच उघडी. ताशी ५०च्या पुढे वाऱ्याचा आवाज इंजिनाला झाकतो. वेगाची जाणीव मला यातून सगळ्यात जास्त झाली, चित्रातून तेवढी नाही. कॅमेऱ्याचा कोन रुंद केला की वेग वाटतो खरा, पण तो व्हिडिओतला वेग वाटतो. कोन अरुंद ठेवला, डोळ्याची उंची कमी केली. युरोपातल्या उंच केबिनपेक्षा आपली बरीच खाली असते, आणि खाली बसलं की डांबर जवळून धावतं.

१४ जानेवारी

संक्रांत. काम नाही. वर्गमित्राने तिळगूळ आणला आणि खलघाटच्या पुलाचे कठडे दाखवले. चांगले झालेत. रंग थोडा जास्त नवा आहे.

२५ जानेवारी

सपाटीचं काय करायचं, यावर हे दोनतीन आठवडे गेले. १:१९ने राऊ-मानपूर दोनेक किमीचं होतं. तेवढ्यात मी आधी सगळं कोंबलं होतं: टोल, ढाबा, पेट्रोल पंप, वीटभट्टी, ट्रॅक्टर, शाळा सुटलेली मुलं. बघायला छान, चालवायला भयंकर. डोळ्याला कुठेच विसावा नाही.

निम्म्याहून जास्त काढून टाकलं. ढाबा एकच ठेवला. आता राऊ सोडल्यावर डावीकडे गहू, उजवीकडे गहू, लांबवर एक विजेच्या तारांची ओळ, आणि बस्स. रस्ता किंचित वळवला, इतका की पुढचा शेवट कधीच दिसत नाही. खऱ्या रस्त्यावर हा तुकडा यापेक्षा सरळ आहे, पण सरळ ठेवला तर दोन किमी दोन किमीच दिसतात. इथे मी वास्तवाशी बेइमानी केली आहे आणि ती राहणार.

जमीन कशी बदलते ते मात्र काटेकोर. वर काळी माती, गहू, हरभरा. घाटात सागाची पानगळ, पळस अजून फुलायचा आहे, म्हणून काड्याच. खाली निमाड: कापसाची वाळकी झाडं, मध्येच लाल मिरचीचं वाळवण. पलीकडे शिरपूरच्या बाजूला केळी. हवेचा रंगही बदलला, वर सकाळी निळसर धुकं, खाली पिवळट धूळ. माळव्यातून निमाडात उतरताना माणसाला आपण खाली आलो हे पाट्यांनी कळत नाही. अंगातल्या स्वेटरने कळतं. खेळात अंग नाही, तेव्हा सगळं डोळ्यांवर.

रंग आणि पिकं बदलल्यावर आधीएवढाच घाट लांब वाटायला लागला. वर एक जग, खाली दुसरं, आणि मधली उतरण दोन्हींत नाही. हे आधी डोक्यात नव्हतं.

८ फेब्रुवारी

डिपर. खेळातल्या गाड्या एकमेकींना दिव्याने बोलत नाहीत, आणि ते शिकवणं आमच्या हातात नाही. भाचीने जुगाड केला: रस्त्याच्या कडेला ठरावीक जागी उभ्या गाड्यांची मॉडेलं, त्यांचे दिवे रात्री लुकलुकतात. खोटं आहे. पण रात्री जुलवानियाच्या चढावर पुढे दोन दिवे दोनदा मिचकावले की हात बटणाकडे जातोच. उस्तादांना अजून दाखवलं नाही.

माल पोचवण्याची मुदत. खेळ घाई लावतो. आपल्याकडे मालासोबतच्या ई-वे बिलाला २०० किमीला एक दिवस मिळतो, २०२१पासून. त्या आधी १०० किमीला मिळायचा. म्हणजे या रस्त्याला दोन दिवस. मुदत तशीच सैल ठेवली. घाई नसली की चालक ढाब्यावर थांबतो, आणि थांबून पुन्हा निघणं हा या खेळाचा मोठा भाग आहे. झोपेचं मात्र जमत नाही. खेळ सुमारे अकरा तासांनी डुलक्या द्यायला लागतो. आपल्या १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात, जो नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू होता, दिवसाचे कामाचे तास आठ होते. पण खेळातले अकरा तास १९ पटीने म्हणजे खरी पस्तीस मिनिटं, तेवढ्यात कोणाला झोप येणार? तो नियम बंदच करून टाकला. जो थकवा येतच नाही त्याची नक्कल कशाला.

टोलवर फास्टॅग, गाडी न थांबता जाते. २०२१आधीचा रस्ता केला असता तर रांग ठेवावी लागली असती. वर्गमित्राला रांग हवी होती, त्याने मॉडेलं केली होती. ठेवली नाही. ती त्याने जपून ठेवली आहेत, दुसऱ्या कशाला तरी लागतील म्हणतो.

१७ फेब्रुवारी

फाइल पहिल्यांदा बाहेर दिली, ओळखीतल्या काही जणांना. तिघांनी एकच गोष्ट सांगितली: घाट फार हळू आहे. दोघांनी तो संपल्यावर परत एकदा उतरून बघितला. एकाला ब्रेक का जातात ते समजलं नाही, त्याने कंट्रोलर बिघडला म्हणून दुसरा जोडून बघितला. त्याला वाचायला काही द्यावं की नाही यावर आम्हा तिघांचं एकमत नाही. भाची म्हणते द्यावं, सुरुवातीला एक पाटी तरी. मी मानपूरच्या पुढे रस्त्याच्या कडेला ‘गाडी न्यूट्रल में न चलाएँ’ हा फलक उभा करून दिला, जसा घाटात असतो तसा. त्याहून जास्त सांगायचं नाही.

राहिलेलं: तापीच्या पुलाची पोत फाटते. नरडाण्याच्या पुढचा तुकडा अजून हवेत आहे. बिजासन उतरल्यावर मराठी पाट्या सुरू व्हायला हव्यात, सध्या धुळ्यापर्यंत हिंदीच आहेत. सोनगीरचा किल्ला रस्त्यावरून दिसतो, त्याचं मॉडेल वर्गमित्राकडे दिलं. रविवारी काकांची गाडी शिरपूरला जाते आहे, पाट्यांचे फोटो तेव्हा.